दुपारची मिटणी

सोमवार, ३

निवृत्त होऊन तीनच दिवस झाले आणि घरात मला कोणी विचारत नाही. वजनमापे निरीक्षक म्हणून मी बाजारात नुसता शिरलो तरी रस्त्याच्या त्या टोकापर्यंतचे तराजू सरळ व्हायचे. आज सकाळी स्वयंपाकघरातल्या वाट्यांची मापं तपासायला घेतली, तर बायको म्हणाली, "अहो, तुम्ही बाहेर जाऊन बसा ना जरा." ती पोस्टात काउंटरवर असते, सकाळी तिची धांदल असते, हे मान्य. पण 'जरा' म्हणजे नक्की किती, ते तिने सांगितलं नाही.

ऑफिसने निरोपाच्या दिवशी मला लाजाळूचं रोप दिलं. कुंडीला चिठ्ठी अडकवलेली, 'साहेबांना पाहून दुकानदार अंग चोरायचे, तसंच हे.' सगळे हसले, मीही हसलो. घरी आणून बोट लावलं तर पान खरंच मिटलं आणि देठासकट खाली पडलं. मग मी मागे सरकून गप्प बसलो. थोड्या वेळाने ते बिचकत बिचकत उघडलं. पुन्हा बोट लावलं. अख्खी दुपार हाच उद्योग. कितीतरी वर्षांत मला इतकी मजा आली नव्हती.

म्हणून ही वही. लाजाळूच्या पानांच्या रोजच्या हालचालींची शिस्तीत नोंद ठेवायची. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी असं बायको म्हणेल, पण तिला सांगतोय कोण?

मंगळवार, ४

रोपाला ऊन हवं, आणि ऊन येतं फक्त सासूबाईंच्या खोलीत.

सासूबाई चार महिन्यांपासून आमच्याकडे आहेत. अर्धांगाचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. भिंत धरून धरून पाय टाकतात, पण उजवा हात पांघरुणावर ठेवला तर ठेवल्या जागी राहतो. जिभेला मात्र झटक्याने हात लावलेला नाही. आयुष्यभर त्यांनी टायपिंगचा क्लास चालवला. चूक झालेला कागद त्या विद्यार्थ्याच्या डोळ्यांदेखत फाडायच्या, असं ऐकून आहे. आमचं दोघांचं जमत नाही, आणि हे उभयपक्षी मान्य असल्यामुळे भांडण कधी झालेलं नाही.

त्यांच्या खोलीत जाताना मी दारात खोकतो. लग्न नवीन होतं तेव्हा एकदा तसाच आत गेलो होतो, आणि त्या केस विंचरत होत्या. "जावईबापू, माणसाने खोकून यावं," एवढंच म्हणाल्या. तेव्हापासून आजतागायत मी खोकतोय. ज्याने उभ्या नोकरीत एकाही दुकानात सांगून पाऊल टाकलं नाही, तो स्वतःच्या घरात वर्दी देऊन फिरतो.

आजही खोकलो, आणि रोप खिडकीशी ठेवू का म्हणून विचारलं.

"ठेवा," त्या म्हणाल्या. "एक निरुपयोगी आहेच इथे, दुसरं येऊ दे."

पहिलं कोणतं ते मी विचारलं नाही. पलंगाच्या उजव्या अंगाला खिडकी आहे, तिथे स्टुलावर कुंडी ठेवली.

गुरुवार, ६

आज थोरल्या मेहुण्यांचा फोन आला. महिनाअखेरीस ते आईला त्यांच्या शहरातल्या शुश्रूषागृहात ठेवणार आहेत. बायकोची कंबर धरते, आईला उठवता बसवता ती रडकुंडीला येते, हे काही खोटं नाही. डॉक्टरांनी एकच वाट ठेवली आहे. उजव्या हाताची पकड आली, चमचा धरता आला, पलंगाची दांडी धरून स्वतःचं स्वतः उठता आलं, तर घरीच राहतील. अठ्ठावीस तारखेला फिजिओ तपासून सांगणार.

हात कसला येतोय? फिजिओ हे गुणी पोर आहे, पण त्याने दिलेला लाल रबरी चेंडू सासूबाई दाबतच नाहीत. तो "शाब्बास आजी, शाब्बास" करत राहतो आणि त्या भिंतीकडे बघतात. काल त्यांनी डाव्या हाताने तो चेंडू दाराबाहेर फेकला. वर त्याला ऐकवलं, की मी शिकवून खाल्लंय, मला बालवाडीत घालू नकोस.

वही खासगी आहे म्हणून लिहितो. फोन ठेवल्यावर मला सुटल्यासारखं वाटलं. खोकण्यातून सुटलो, एवढंच मनात आलं. बायको मात्र न्हाणीघरात नळ सोडून बराच वेळ आत होती.

रविवार, ९

आज घरात नाचलो. शब्दशः नाचलो.

पानं सकाळी उघडतात आणि दिवेलागणीला मिटतात, हे चार दिवस पाहिलं होतं. मनात आलं, उजेड दिसतो म्हणून उघडत असतील. मग काल संध्याकाळी रोप माझ्या कपाटात ठेवलं, कोटांच्या खाली, दाराच्या फटीला टॉवेल लावून. सकाळी विजेरी घेऊन दार किलकिलं केलं, तर महाराज उघडे! मिट्ट काळोखात, माझ्या विजारींच्या सान्निध्यात, सकाळ झाली हे त्याला आपलं आपण कळलं होतं. मला आनंद पोटात मावेना. गिरकी घेतली आणि समोर बायको उभी. ती चहा ठेवायला गेली.

कोणाला तरी सांगायलाच हवं होतं. कुंडी घेऊन सासूबाईंच्या दारात खोकलो आणि त्यांना सांगितलं. चक्क त्यांनी ऐकून घेतलं. स्टूल पलंगाला लावून कुंडी त्यावर ठेवायला लावली. मी पान दाखवलं. देठाच्या टोकाला चार काड्या, प्रत्येक काडीवर बारीक पानांच्या जोड्या, अंगठा नसलेला पंजाच जणू. जोरात लागलं तर सगळं पान कोसळतं. हलकं लागलं तर तेवढीच काडी मिटते.

"म्हणजे किती जोर लागला ते हे सांगतं," त्या म्हणाल्या.

म्हटलं, अगदी. आमच्या खात्यातसुद्धा इतका नाजूक काटा नव्हता.

"आणि शाब्बास म्हणत नाही," त्या म्हणाल्या आणि बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिल्या. कुंडी तिथेच राहू दे म्हणाल्या. माणसाला विज्ञानाची गोडी कोणत्याही वयात लागू शकते.

बुधवार, १२

महत्त्वाचं! जेवण झाल्यावर मी पेपर वाचत लवंडतो. उठून, खोकून सासूबाईंच्या खोलीत गेलो तर पलंगाकडचं पान देठासकट पडलेलं. भर उन्हात. खिडकी बंद, पंखा बंद, खोलीत चिटपाखरू नाही. सासूबाईंना विचारलं, काही दिसलं का? तर म्हणाल्या, माझा डोळा लागला होता. कपाळावर घाम होता त्यांच्या. ऊन तिकडून येतं, पडदा लावायला हवा.

गुरुवार, १३

पुन्हा पडलं! त्याच वेळी, तेच पान! बाकीची पानं जागच्या जागी. मी या प्रकाराला 'दुपारची मिटणी' असं नाव दिलं आहे. जगात कोणी पाहिली असेल असं वाटत नाही. घाईत लिहितोय, अक्षर वाईट येतंय.

शनिवार, १५

उपपत्ती पहिली: त्या सुमाराला समोरच्या छापखान्यातलं मोठं यंत्र सुरू होतं, जमीन हादरते. जाऊन विचारलं. छापखानेवाला मला बघून आधी दचकला, काटा तपासायला आलोय असं वाटलं त्याला. यंत्र गेला आठवडाभर बंद आहे म्हणाला. उपपत्ती बाद.

उपपत्ती दुसरी: जेवणानंतर सुस्ती येणे हा सजीवांचा सामान्य धर्म आहे. ही मी सासूबाईंना वाचून दाखवली. त्या इतक्या हसल्या की पाणी द्यावं लागलं. "तुमचं संशोधन चालू ठेवा," म्हणाल्या. मला बरं वाटलं. घरात एक तरी माणूस पाठीशी आहे.

आज आणखी एक. आज सबंध पान पडलं नाही. दोनच काड्या मिटल्या होत्या.

सोमवार, १७

आज फक्त पहिली काडी. शेजारच्या तिन्ही टक्क उघड्या! इतकं सफाईदार काम की मी भिंग आणून पाहिलं. रोप दिवसेंदिवस हुशार होत चाललंय. माझे पाय जमिनीवर नाहीत.

बायकोने जेवताना विचारलं, तुमच्या दोघांचं दुपारी काय चाललेलं असतं, आई आजकाल नीट जेवते. मी म्हटलं, विज्ञान.

मंगळवार, १८

कॉलेजात जाऊन वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापिकाबाईंना गाठलं. उभ्या उभ्या त्यांनी ऐकलं. मग विचारलं, "कोणी हात लावत नाही ना?"

मला राग आला. काट्याखाली लोहचुंबक लावणारे, मापाला खालून मेण चिकटवणारे, असे छप्पन्न लबाड मी पकडलेत. हात लावलेला मला कळणार नाही? म्हटलं, बाई, खोलीत फक्त माझ्या सासूबाई असतात आणि त्यांचा त्या बाजूचा हात हलत नाही.

बाईंनी हातातली पुस्तकं खाली ठेवली. मग रविवारी स्वतः येते म्हणाल्या. मोठा माणूस नव्या गोष्टीला किती चटकन ओळखतो!

गुरुवार, २०

पहिली, दुसरी, तिसरी. एकेक करून, अगदी ओळीने. चौथी काही मिटत नाही. मी सासूबाईंपाशी तक्रार केली, की चौथी काडी जरा मंद दिसते.

"करंगळी नेहमीच आळशी असते," त्या म्हणाल्या. क्लासमधल्या पोरांबद्दल बोलत होत्या. सगळ्यांची तीन बोटं लवकर तयार होतात म्हणे, करंगळीला मात्र निराळं बसवून शिकवावं लागतं. मग त्या क्लासबद्दल कितीतरी वेळ बोलल्या. आमचा चहा गार झाला. इतक्या वर्षांत आम्ही दोघं एका खोलीत एवढा वेळ कधी बसलो नव्हतो.

शनिवार, २२

बायकोने माळ्यावरून आईची बॅग काढली. नऊवारी, पाचवारी, शाल, औषधं. घड्या घालताना सारखी चष्मा पुसत होती.

मी सासूबाईंच्या खोलीत गेलो. उगाचच, काम काही नव्हतं. त्या गेल्यावर या खोलीत रोप आणि मी दोघंच उरणार. मिटणी दिसली तर सांगू कुणाला? कोण म्हणेल, तुमचं संशोधन चालू ठेवा? लिहायला लाज वाटते, पण लिहितो. त्यांनी जाऊ नये असं मला वाटतं. अगदी मनापासून वाटतं.

रविवार, २३

आजही अक्षर वाईट येतंय, पण आज कारण निराळं आहे.

प्राध्यापिकाबाई जेवणानंतर आल्या. बायको शेजारी गेली होती. बाईंना घेऊन सासूबाईंच्या खोलीपाशी गेलो. दार अर्धं लोटलेलं. मी खोकायला श्वास घेतला, तेवढ्यात बाईंनी माझा दंड धरला आणि ओठांवर बोट ठेवलं.

फटीतून पाहिलं. सासूबाई उशांना टेकून बसलेल्या होत्या. त्यांचा उजवा हात, तो ठेवल्या जागी राहणारा हात, कुंडीच्या काठावर होता. घाम डबडबला होता, जीभ दातांत धरली होती. अंगठ्याजवळचं बोट उचललं गेलं, हवेत लटपटलं आणि पहिल्या काडीवर टेकलं. काडी मिटली. मग मधलं बोट. मग त्याच्या शेजारचं. मग करंगळी. ती उठेना. त्या थांबल्या, दम घेतला, पुन्हा प्रयत्न केला. ती पडली ती जोरात पडली आणि सगळं पान कोसळलं. "छे," त्या पुटपुटल्या, एखाद्या पोराचा कागद फाडावा तशा सुरात.

खरं तेच लिहायचं तर, माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की माझा शोध बुडाला. क्षणभर, फारतर दोन क्षण. नंतर एकेक दुपार आठवू लागली. छप्पन्न लबाड पकडणाऱ्याच्या नाकासमोर दहा-बारा दिवस हा कारभार चालला होता! काखेत कळसा आणि गावाला वळसा. प्रत्येक वेळी मी इमानाने खोकत होतो आणि त्या इमानाने हात पांघरुणावर नेऊन ठेवत होत्या.

मग मी चार पावलं मागे आलो आणि खोकलो. जन्मात कधी खोकलो नसेन इतका मोठ्याने.

आत गेलो तेव्हा हात पांघरुणावर, चेहरा भोळा. प्राध्यापिकाबाईंनी पान पाहिलं, गंभीरपणे मान हलवली. म्हणाल्या, "असं मी कुठेच पाहिलं नव्हतं. थांबू नका, चालू ठेवा." त्या बघत होत्या सासूबाईंकडे.

मंगळवार, २५

बायकोला सांगितलेलं नाही. गुपित सासूबाईंचं आहे. का लपवतात ते मला आता कळतंय. अर्धवट बसलेला धडा त्या परीक्षकाला दाखवणार नाहीत, आणि 'शाब्बास आजी' तर नकोच नको. शुक्रवारी दाखवतील. दाखवतीलच.

पण आनंद लपवायचा कसा? दाढी करताना शीळ वाजवत होतो. बायको दारात येऊन म्हणाली, "माझी आई चाललीय आणि तुम्हाला शीळ सुचतेय?" तोंडावर साबण, बोलता काही येईना. दिवसभर ती माझ्याशी बोललेली नाही.

दुपारी चौथी काडी मिटली. एकटी. मी खोकून आत गेलो, पान पाहिलं आणि भिंगच पुसत बसलो. सासूबाई म्हणाल्या, "काय हो, आज उपपत्ती नाही?" म्हटलं, सुचत नाही काही.

शुक्रवार, २८

सगळं नीट क्रमाने लिहायचा प्रयत्न करतो.

मेहुणे सकाळीच आले. फिजिओ आला. बायकोने रजा घेतली होती, बॅग तिच्या पायाशी. फिजिओने तो लाल चेंडू सासूबाईंच्या उजव्या तळव्यात ठेवला. "आजी, दाबा बरं एकदा. जमेल तेवढं."

त्यांनी चेंडूकडे पाहिलं. फिजिओकडे, लेकाकडे, लेकीकडे पाहिलं. सगळे कसे वाकून वाकून बघत होते. मी मनातल्या मनात म्हणत होतो, दाबा, आई, दाबा. त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं. "नको," म्हणाल्या. चेंडू घरंगळून खाली गेला.

फिजिओने मान हलवली. मेहुणे हळू आवाजात म्हणाले, उद्या सकाळी गाडी सांगतो. बायको बॅगेचा बंद नुसता ओढत राहिली. आणि सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांना जायचं नव्हतं, दाखवायचंही नव्हतं, आणि दोन्हींच्या मध्ये त्या अडकल्या होत्या. मला ते बघवेना.

"त्यांची बोटं हलतात," मी म्हणालो. "चारही. करंगळीसुद्धा. मी पाहिलंय."

मेहुण्यांनी माझ्याकडे पाहिलं ते निवृत्तीने डोक्यावर परिणाम झालेल्या माणसाकडे पाहावं तसं. पण सासूबाईंनी मान वळवली. डोळे कोरडे झाले होते.

"कधी पाहिलंत?"

"रविवारी."

"खोकला होतात?"

"नाही, आई."

"म्हणजे चोरून पाहिलंत."

"हो."

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "इकडे या. वाका."

मी गेलो आणि वाकलो. पांघरुणावरून त्यांचा उजवा हात उठला. वाटेत दोनदा लटपटला, एकदा माझ्या चष्म्याला लागला. मग त्यांच्या बोटांनी माझा कान धरला, अंगठा मागून आला, आणि त्यांनी तो पिळला. नावाला नाही, चांगला पिळला. मी ओरडलो. त्यांनी सोडला नाही. मी आणखी ओरडलो. बायको हसत होती की रडत होती ते मला त्या अवस्थेत दिसलं नाही. मेहुणे खुर्चीवरून उठून उभे राहिले होते आणि आई, आई एवढंच म्हणत होते.

फिजिओ पुढे झाला. त्याचे ओठ हलायला लागले. सासूबाईंनी माझा कान धरूनच त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "शाब्बास म्हणालास तर तुझाही धरीन."

त्याने ओठ मिटून घेतले. वाकून, मान वाकडी करून त्याने पकड नीट तपासली, अंगठा कुठे, करंगळी कुठे. मग मेहुण्यांना म्हणाला, गाडी सांगू नका. आता पलंगाची दांडी धरायची, मग चमचा, मेहनत बरीच आहे, पण घरीच होईल. मी विचारलं, आता सोडायला सांगाल का? तर म्हणाला, काका, एक मिनिट, अजून किती वेळ धरता येतं ते बघू.

मेहुणे संध्याकाळच्या गाडीने एकटेच परत गेले. कान सुजलाय, उशीला टेकवत नाही. बायको मघाशी वाटीत बर्फ घेऊन आली, माझ्याजवळ बसली. मी म्हटलं, राहू दे गं. दुखू दे आजची रात्र.